आई-वडील किंवा सासू-सासरे

दुपारच्या शिफ्टची बस गेटवर लागत होती. चाकणचा मार्च म्हणजे शेडच्या पत्र्यावरून उतरणारी धग, कूलंटचा तेलकट वास आणि माझ्या टेबलावर मेडिक्लेमची यादी. एक एप्रिलला पॉलिसी रिन्यू होते, त्याआधी थोडे दिवस ‘विंडो’ उघडी असते. कोणाला ॲड करायचं, कोणाला काढायचं, ते तेव्हाच. क्वालिटीतली एक मुलगी आली. ॲप्रनच्या खिशात व्हर्नियर तसाच. खुर्चीवर बसा म्हटलं तरी बसली नाही. “मॅडम, एक विचारायचं होतं. ते डिपेंडंटचं भरलंय ना आपण, ते घरी कोणाला दिसतं का?” मला कळलं नाही. “घरी म्हणजे?” “म्हणजे मिस्टरांना. मेसेज वगैरे जातो का?” मी म्हटलं, नाही, तुमच्या लॉगिनलाच दिसतं, कार्डही तुम्हीच डाउनलोड करायचं. “बरं झालं,” म्हणाली आणि बस सुटायच्या आत गेली. मी तिची नोंद उघडली. ते माझं कामच आहे. गेल्या वर्षी सासू-सासरे होते. या वर्षी आई-वडील.

बायका घरात काय काय झाकून ठेवतात हे मला कोणी सांगायला नको. भिशीचे पैसे, भावाला दिलेली उसनवारी, साडीची खरी किंमत. पण त्या सगळ्यात पैसा तरी असतो. इथे सॉफ्टवेअरच्या एका रकान्यात दोन म्हाताऱ्या माणसांची नावं होती, जी तिला बोलायला लागल्यापासून पाठ आहेत, आणि ती नावं तिला नवऱ्यापासून लपवावीशी वाटत होती. तिच्या चेहऱ्यावर अपराधी असं काही नव्हतं. कामाचं उत्तर मिळालेल्या माणसाचा चेहरा होता. तेच मला खटकत राहिलं. घाबरलेली असती तर मी समजूत काढली असती. ती घाबरलेली नव्हती. तिने सगळा हिशोब आधीच करून टाकला होता, फक्त मेसेज जातो का एवढंच तपासायचं राहिलं होतं.

कंपनीच्या मेडिक्लेममधला आई-वडिलांचा रकाना किती मोलाचा असतो हे ज्याच्या घरात साठी ओलांडलेलं माणूस आहे त्याला सांगावं लागत नाही. तपासणी नाही, शुगर-बीपी आधीपासून असलं तरी पहिल्या दिवसापासून चालतं. म्हणूनच तर अट आहे: आई-वडील किंवा सासू-सासरे, कोणतीही एक जोडी. माझे वडील अण्णा आणि सासूबाई, अशी मिसळ चालत नाही. ही अट का, हे मी नवी असताना विम्याच्या ब्रोकरला विचारलं होतं. तो फोनवर हसला. “मॅडम, चौघांतले आजारी दोघं निवडायची सोय दिली, तर आजारीच येतील ना सगळे. मग प्रीमियम कोण भरणार?” गणित बरोबर आहे. क्लेमचे कागद माझ्याच हाताखालून जातात. मोतीबिंदू, गुडघे, स्टेंट, डायलिसिस; तरुण पोरांचा अपघात किंवा बाळंतपण सोडलं तर बहुतेक जाड फायली आई-वडिलांच्याच. गेली काही वर्षं रिन्यूअलच्या वेळी विमा कंपनी पहिलं बोट त्या रकान्यावर ठेवते. मग कधी को-पे येतो, म्हणजे बिलातला काही वाटा आपणच भरायचा, कधी खोलीच्या रोजच्या भाड्याला विम्याच्या रकमेच्या टक्केवारीची मर्यादा लागते, कधी त्या दोघांचा प्रीमियम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापायचं ठरतं. आमच्याकडे तिन्ही झालं आहे. त्यामुळे ‘दोन्हीकडची माणसं घेऊ द्या’ असं मी मीटिंगमध्ये म्हणते तेव्हा फायनान्सवाले माझ्याकडे, लहान मुलाने विमान मागावं तसे बघतात.

कागदावर अट सगळ्यांना सारखी आहे. पुरुषालाही सासू-सासरे निवडता येतात. पण पुरुष तो रकाना चहा पिता पिता भरतात. वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारखा, सबमिट. त्यांना तिथे काही विचारलं गेलंय हेच त्यांच्या लक्षात येत नाही. बायकांचे फॉर्म मात्र शेवटच्या दिवसापर्यंत पेंडिंगच्या यादीत दिसतात. मी आठवण करून देते, त्या “हो हो, करते” म्हणतात. मग कोणीतरी जेवणाच्या सुट्टीत येऊन विचारते, एक वर्ष हे आणि एक वर्ष ते असं चालतं का? चालतं. मग पुढच्या वर्षी काढलं तर त्यांना कळेल का? कोणी विचारते, सासरे आहेत, सासूबाई नाहीत, मग त्या जागी आई? नाही. एकीने नवऱ्याच्या कंपनीत त्याचे आई-वडील आहेत म्हणून निर्धास्तपणे स्वतःचे टाकले, तर घरात आठवडाभर अबोला. कव्हर दोनदा असलं तर काय बिघडतं, असा नवऱ्याचा युक्तिवाद. विम्याच्या दृष्टीने बिनतोड आहे.

“मिस्टरांना विचारून सांगते.” हे वाक्य मी मार्चमध्ये जितकं ऐकते तितकं उरलेल्या वर्षात ऐकत नाही.

माझं स्वतःचं नाव पहिल्यांदा कमी झालं ते रेशनकार्डावरून. लग्नानंतरच्या पावसाळ्यात सासरच्या कार्डात नाव चढवायचं होतं, त्यासाठी माहेरचा ‘नाव कमी केल्याचा दाखला’ हवा. अण्णा कराडच्या तहसीलमध्ये पुरवठा शाखेत गेले, हट्टाने मीही सोबत गेले. ओल्या छत्र्यांचा वास, लाकडी कठड्यावर दोरीला बांधलेलं पेन, कठड्यापलीकडे फायलींचे गठ्ठे. आमचं केशरी कार्ड चुलीजवळच्या फळीवर राहून मेणचटलेलं होतं. कारकुनाने पट्टी घेतली आणि माझ्या नावावर लाल शाईची सरळ रेघ मारली. पट्टी घेतली, हे मला अजून आठवतं. हाताने नुसतं खोडलं असतं तर इतकं लागलं नसतं. शेजारी कारण लिहिलं: लग्न. शिक्का मारून, फुंकर घालून कार्ड अण्णांच्या हातात दिलं. अण्णांनी ते शर्टाच्या आत, बनियनला लागून ठेवलं, बाहेर पाऊस होता म्हणून. घरी आल्यावर आईने कार्ड उलटसुलट बघितलं आणि विचारलं, “मग आता रॉकेल किती कमी मिळणार?” आम्ही तिघंही हसलो. आई हसता हसता आत गेली आणि बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला. आता नोकरीत मी रोज कोणाचं तरी नाव ॲड करते, कोणाचं डिलीट करते. सॉफ्टवेअरमध्ये रेघ उरत नाही. नाव होतं याची खूणसुद्धा पुढच्या वर्षीच्या यादीत नसते.

या टेबलावर बसून घरं जशी दिसतात तशी ती लग्नाच्या आमंत्रणपत्रिकेत दिसत नाहीत. बाळ झालं की तीस दिवसांत कळवायचं असतं. बारसं झालेलं नसतं, तेव्हा यादीत ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचं नाव. मग आत्याने कानात सांगितलेलं नाव यथावकाश एंडॉर्समेंटने, म्हणजे पॉलिसीतल्या दुरुस्तीने, चढतं. एका पोराने ते पुन्हा बदलून घेतलं, कारण आजीला पत्रिकेतल्या अक्षराशिवाय चालत नव्हतं. नवी लग्नं झालेले सर्टिफिकेट घेऊन येतात, अंगाला हळदीचा वास, आणि बायकोची जन्मतारीख विचारली की मोबाइल काढतात. मेंटेनन्समधला एक जण घटस्फोटाच्या केसमध्ये अडकलेला. तो येऊन दार लोटून घेऊन बसला. मला वाटलं, बायकोचं नाव काढायला आलाय. तो विचारत होता की काढावंच लागतं का. मी म्हटलं, कोर्टाचा निकाल होईपर्यंत कायद्याने ती पत्नीच, राहू शकतं. “मग राहू दे,” म्हणाला. “तिला थायरॉईड आहे, परत गाठीचं काहीतरी तपासायचं चाललंय.” एवढं बोलून उठला. ते दोघं कोर्टात एकमेकांबद्दल काय बोलत असतील कोण जाणे.

आणि बहीण. दर वर्षी कोणीतरी येतोच. “मॅडम, बहीण आहे, मेहुणे वारले, आमच्यातच असते. तिला टाकता येईल?” येत नाही. विम्याच्या कुटुंबात बहीण नसते. घरात तिच्या हातची भाकरी खाऊन तो कामावर येतो, त्याची पोरं तिच्याजवळ झोपतात, पण फॉर्मला तिच्यासाठी रकाना नाही. त्यांना मी बाजारातल्या पॉलिसीचे नंबर देते, सरकारी योजनेचं सांगते. ते कागद घडी करून खिशात ठेवतात आणि “बघतो” म्हणतात.

गेलेल्या माणसांचं तर वेगळंच. पोर्टलवर नाव काढताना कारण निवडावं लागतं, तारीख टाकावी लागते. लोक ते करतच नाहीत. रजेच्या अर्जावरून मला कळलेलं असतं की वडील गेले, दहावा-तेरावा झाला, माणूस परत कामाला लागला, पण यादीत वडील आहेतच. एका जुन्या फिटरला मी बोलावून विचारलं तर तो म्हणाला, “राहू द्या की मॅडम, तुमचं काय जातंय?” मी सांगितलं, माझं काही जात नाही, पण रिन्यूअलला त्यांच्या नावाचा प्रीमियम तुमच्या पगारातून जाईल. तो थोडा वेळ गप्प बसला. “किती जाईल?” मी आकडा सांगितला. “जाऊ दे मग, काढा,” म्हणाला. आम्ही दोघांनीही त्यावर काही बोलायचं नाही असं न बोलता ठरवलं.

लाइनवरच्या मुलांची गोष्ट उलटी आहे. पगार एकवीस हजारांपर्यंत असला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागतो. कामगाराचे पाऊण टक्का, कंपनीचे सव्वातीन टक्के, आणि आई-वडिलांचं उत्पन्न ठरावीक मर्यादेखाली असलं की दोघंही कुटुंबात. त्यांच्यासाठी वेगळा प्रीमियम नाही. मोहननगरच्या ईएसआय हॉस्पिटलात रांगेत उभं राहावं लागतं हे खरं, पण आईचं बायपास होऊन जातं. मग एक दिवस पगारवाढ होते, आकडा एकवीसच्या वर सरकतो, चालू सहामाही संपली की ईएसआय बंद. पगारवाढीचं पत्र हातात घेऊन, पडलेल्या चेहऱ्याने माझ्यासमोर बसलेली माणसं मी पाहिली आहेत. “वाढ नको, जुनंच ठेवता येईल का?” असं एकाने खरोखर विचारलं. कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आई-वडील टाकता येतात, पण पैसे भरून. वाढलेल्या रकमेचा चांगला लचका तिथेच जातो.

कायदा या सगळ्याकडे कसा बघतो हे मला नोकरीमुळे वाचावं लागतं, आणि वाचताना मजा येते असं म्हटलं तर लोक हसतील. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आपल्या कल्याणचं एक प्रकरण होतं. वडिलांनी डॉक्टर असलेल्या, लग्न झालेल्या मुलीकडे पोटगी मागितली होती. मुलीचं म्हणणं, आई-वडिलांना पोसायची जबाबदारी कायद्याने मुलावर टाकली आहे, लग्न झालेल्या मुलीवर नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. लग्न झाल्याने मुलगी आई-वडिलांची मुलगी राहायची थांबत नाही, तिच्यावरही जबाबदारी आहे. मात्र नवऱ्याच्या उत्पन्नापासून वेगळी अशी तिची स्वतःची ऐपत असली पाहिजे. त्या प्रकरणातल्या मुलीची बाजूही मला पूर्ण परकी वाटत नाही. वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं, आणि पैसे मागायला ते हिच्याकडे आले होते. पण त्या भांडणातून जो नियम निघाला तो क्वालिटीतल्या मुलीच्या कामाचा आहे. फक्त तिला तो कोणी सांगितलेला नाही, आणि सांगून घरातला अबोला टळेल असंही नाही.

आयकराला सासू-सासरे माहीतच नाहीत. जुन्या पद्धतीने विवरण भरत असाल तर आई-वडिलांच्या प्रीमियमची सवलत मिळते, ते ज्येष्ठ असतील तर पन्नास हजारांपर्यंत. सुनेने सासूचा प्रीमियम भरला तर शून्य. याउलट २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता, जी नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली, तिच्यात कुटुंबाच्या व्याख्येत महिला कर्मचाऱ्याचे अवलंबून असलेले सासू-सासरेही आले आहेत. ईएसआयच्या जुन्या कायद्यात ते नव्हते. लाइनवरच्या आमच्या मुलींना हे सांगितलं तेव्हा त्या खूश झाल्या, आणि खूश व्हावं असंच आहे. घरातल्या म्हातारीला दवाखाना मिळतो. पण जावयाच्या सासू-सासऱ्यांना त्या व्याख्येत जागा नाही. सुनेने सासरचं बघायचं हे कायदा करणाऱ्यांना इतकं उघड वाटलं की ते लिहून टाकलं, आणि जावयाचं त्यांच्या मनातही आलं नाही. केंद्र सरकारच्या सीजीएचएसमध्ये, म्हणजे त्यांच्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत, बाईला एक बाजू निवडावी लागते आणि ती निवड सगळ्या नोकरीत एकदाच बदलता येते. आमच्याकडे निदान दर मार्चला बदलता येते. हे सुख की दर वर्षीची परीक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझं म्हणाल तर नोकरी लागल्यापासून माझ्या रकान्यात सासू-सासरेच होते. ते आमच्याबरोबर निगडीत राहायचे, नवऱ्याचं भोसरीत छोटं वर्कशॉप, त्याला कुठली ग्रुप पॉलिसी. सासऱ्यांची किडनी गेली तेव्हा डायलिसिसचा आठवड्याचा खर्च त्याच कार्डाने उचलला. त्या दिवसांत हॉस्पिटलच्या डेस्कवर मी माझा एम्प्लॉयी कोड न बघता सांगायची. त्या निवडीबद्दल मला तेव्हाही काही वाटलं नाही, आताही नाही. ते गेल्यावर रकान्यात एकट्या सासूबाई उरल्या. एक जागा मोकळी, पण तिथे अण्णा बसत नाहीत. बाजू तीच, माणूस एक.

अण्णा साखर कारखान्यातून निवृत्त झाले. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या छातीत दुखलं, कराडलाच स्टेंट टाकला. भावाची इचलकरंजीतली नोकरी कधी असते कधी नसते. फिक्स मोडली, आईच्या पाटल्या राहिल्या इतकंच. त्यानंतर मी त्यांच्यासाठी वेगळ्या पॉलिसीच्या मागे लागले. एप्रिल २०२४ पासून वय पासष्टच्या पुढे आहे एवढ्यावरून कंपनीने दार बंद करायचं ही पद्धत गेली आहे, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही. आमच्या ग्रुप पॉलिसीवर मात्र अठरा टक्के तसाच. पण हृदयाचं आधीचं दुखणं असलं की तीन वर्षांपर्यंत थांबायला लावता येतं, आणि स्टेंट म्हटल्यावर जो आकडा आला तो बघून अण्णा म्हणाले, “एवढ्यात तर मी मरून परत येईन.”

सासूबाईंना हे कुठून कळलं मला माहीत नाही. मी काही बोलले नव्हते. ओट्यापाशी मेथी निवडत होते, त्या समोर स्टुलावर बसून लसूण सोलत होत्या. सालं फुंकरीने उडवत म्हणाल्या, “यंदा माझं नाव काढ त्यातनं. तुझ्या आई-वडलांचं घाल.” मी म्हटलं, आई, असं कसं? “असं कसं म्हणजे? मला ते सत्तरीच्या वरच्यांचं कार्ड मिळालंय ना, पाच लाखांचं. तुझे वडील अजून सत्तरीचे नाहीत. त्यांना कोण देणार?” कार्ड आहे हे खरं. आम्ही आधार घेऊन जाऊन काढलं होतं. पण सगळी हॉस्पिटलं त्या यादीत नसतात, आणि आमच्या घराजवळचं, जिथले डॉक्टर त्यांना नावाने ओळखतात, ते तर नाहीच. मी तसं सांगितलं. त्यांनी लसणाची पाकळी वाटीत टाकली. “मग लांबच्याला जाऊ. रिक्षा मिळत नाही का?” रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, “आईचं ठरलंय तर माझं काय आहे.” मला त्याने थोडं भांडायला हवं होतं, म्हणजे मला काय वाटतंय ते मलाच कळलं असतं. कारण बरं वाटत होतं आणि त्याच वेळी कसंतरीच होत होतं. जी बाई रोज माझ्या डोळ्यांसमोर शुगरची गोळी घेते तिचं नाव काढायचं आणि कराडला बसलेल्या दोघांची घालायची, हे न्यायाचं आहे हे पटत होतं. हात चालत नव्हता.

दोन दिवसांनी नणंदेचा फोन. “वहिनी, आईचं मेडिक्लेममधलं नाव काढतेयस म्हणे?” आवाजात साखर होती. मी काही सांगणार तोच सासूबाईंनी हात पुढे केला आणि फोन घेतला. “अगं, तुझ्या बँकेत तू कोणाला घातलंयस? मला की तुझ्या सासूला?” पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. “तेच म्हणते मी. मला नाही ना घातलंस? बरोबरच केलंस. मग हिला कशाला विचारतेस?” फोन मला परत देऊन त्या टीव्हीचा आवाज वाढवून बसल्या. त्यांनी लेकीवर राग काढला, की माझी बाजू घेतली, की इतक्या वर्षांचं काहीतरी स्वतःशीच बोलल्या, हे मी ठरवू शकले नाही. त्यांच्या काळात असा फॉर्म असता तर त्यांनी काय भरलं असतं, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. सिरीयल लागलेली होती.

अडले ते अण्णाच. ते आमच्याकडे आले तरी पहिली काही वर्षं पाणीसुद्धा जपून प्यायचे. लेकीच्या घरचं खायचं नाही ही त्यांची जुनी शिस्त. नातू झाल्यावर ती सैल झाली, पण अजूनही निघताना चहाच्या किमतीच्या कितीतरी पट नोटा पोराच्या मुठीत कोंबतात. फोनवर म्हणाले, “लेकीच्या पगारातनं दवाखाना? आणि तेही तुझ्या सासूबाईंना उठवून त्यांच्या जागेवर मी बसायचं? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, अण्णा, लोकांना दिसत नाही ते, माझ्या लॉगिनलाच दिसतं. बोलून गेल्यावर माझ्या लक्षात आलं की हेच उत्तर मी टेबलावर दुसऱ्या कोणाला तरी दिलं होतं. आईने फोन घेतला आणि हळूच म्हणाली, “तू भर. त्यांचं ऐकू नकोस.” फॉर्मवर ज्याचं नाव घालायचं त्याची सही लागत नाही. नाव, नातं, जन्मतारीख, बस्स. जगातल्या किती गोष्टी माणसाला न विचारता त्याच्यासाठी करता येतात याची यादी केली तर त्यात ही एक धरावी लागेल. मी सासूबाईंच्या नावापुढचं कारण निवडलं. ‘इतर’ होतं, तेच निवडलं. मग दोन नावं घातली आणि सबमिट केलं. पगारातून दोघांचा प्रीमियम बारा हप्त्यांत कापला जाईल असा मेसेज स्क्रीनवर आला.

विंडो बंद व्हायच्या आदल्या दिवशी अण्णांचा फोन आला. मी शेडमध्ये होते, प्रेसच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून कँटीनच्या मागे गेले. “जन्मतारीख काय घातलीस?” हॅलो नाही, काही नाही. म्हटलं, एक जून. “हां. खरी श्रावणातली आहे, पण मास्तरांनी शाळेत घालताना एक जून लिहिली, आधारवरही तीच. आणि नाव? मधलं नाव पूर्ण घातलंस ना? नाहीतर क्लेमला अडवतात.” घातलं होतं. “कट्ट्यावर पाटील म्हणत होते, खोलीच्या भाड्याला एक टक्का असतो. तुमच्यात किती?” म्हटलं, तेवढाच. “म्हणजे चार लाखांच्या विम्याचे चार हजार. मग कराडलाच करायचं जे काय असेल ते, पुण्याला नेऊ नकोस. तिथे चार हजारांत कोण घेतंय?”